गेममध्ये हवे ते स्क्रीन रिझोल्यूशन कसे लावावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर गेम खेळणाऱ्यांकडून रिझोल्यूशनविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. विंडोज १० किंवा ११ गृहीत धरले आहे. लिनक्स आणि स्टीम डेकसाठी प्रश्न १९ पाहावा. फाइली, आदेश आणि मेनू यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाकावेत, कारण गेमच्या फाइलींना देवनागरी अंक वाचता येत नाहीत.

१. रिझोल्यूशन म्हणजे नेमके काय, आणि कस्टम रिझोल्यूशन कशाला म्हणायचे?

पडद्यावरचे चित्र आडवे किती आणि उभे किती पिक्सेल वापरून काढले जाते, ते सांगणारी संख्यांची जोडी म्हणजे रिझोल्यूशन. १९२०×१०८० म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, एकूण २०,७३,६०० पिक्सेल. एलसीडी मॉनिटरमध्ये पिक्सेलांची संख्या कारखान्यातच ठरलेली असते. तिला मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन म्हणतात, आणि चित्र त्याच मापाचे असेल तर सर्वांत रेखीव दिसते. गेमच्या किंवा विंडोजच्या यादीत नसलेले माप आपण स्वतः तयार करून लावतो, तेव्हा त्याला कस्टम रिझोल्यूशन म्हणतात.

जुन्या काचेच्या नळीच्या सीआरटी मॉनिटरला असे एकच ठरलेले माप नव्हते. त्यामुळे सायबर कॅफेच्या काळात ८००×६०० आणि १०२४×७६८ ही दोन्ही मापे एकाच मॉनिटरवर नीट दिसत असत. त्या काळापासून खेळणाऱ्या अनेकांना आज एलसीडीवर हीच मापे धुरकट का दिसतात असा प्रश्न पडतो. त्याचे कारण गेममध्ये नसून पडद्याच्या बांधणीत आहे.

२. गेमच्या यादीत मला हवे ते रिझोल्यूशन दिसतच नाही. ते कुठे अडते?

या पानावरचे बहुतेक प्रश्न शेवटी याच ठिकाणी येतात, म्हणून हे उत्तर सावकाश वाचावे. एखादे रिझोल्यूशन चालण्यासाठी चौघांची संमती लागते: मॉनिटर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारी प्रणाली), विंडोज आणि स्वतः गेम.

मॉनिटर सुरू होताच तो आपली ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या माहितीसंचातून संगणकाला देतो. या संचाचा मूळ भाग १२८ बाइटांचा असतो, आणि मॉनिटर कोणती मापे कोणत्या रिफ्रेश रेटला (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढले जाते त्या वेगाला, जो हर्ट्झमध्ये मोजतात) दाखवू शकतो ते त्यात नोंदलेले असते. ड्रायव्हर ती नोंद वाचतो, स्वतःच्या काही मापांची भर घालतो आणि यादी विंडोजला देतो. गेम सहसा विंडोजकडून ही यादी मागतो, आणि त्यातही आपल्याला नको असलेली मापे गाळून उरलेली मेनूत दाखवतो.

म्हणून आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये हवे ते माप आहे का ते पाहावे. तेथेही नसेल तर अडचण ड्रायव्हरच्या किंवा मॉनिटरच्या पातळीवर आहे आणि उपाय प्रश्न ४ व ५ मध्ये आहे. तेथे असूनही गेममध्ये नसेल तर गेमनेच ते गाळले आहे आणि उपाय प्रश्न ७ मध्ये आहे. हा एक भेद न करता अनेक जण गेमच्या फाइलींशी तासन् तास झटापट करतात आणि अडचण मात्र ड्रायव्हरमध्ये असते, किंवा याच्या नेमके उलट होते.

३. फुल स्क्रीन, बॉर्डरलेस आणि विंडो यांपैकी काय निवडावे?

कस्टम रिझोल्यूशन हवे असेल तर फुल स्क्रीन निवडावे. बॉर्डरलेस प्रकारात गेम ही डेस्कटॉपभर पसरलेली एक खिडकीच असते, त्यामुळे मॉनिटरला जाणारे माप डेस्कटॉपचेच राहते. गेममध्ये १२८०×९६० निवडूनही काही फरक पडत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. बॉर्डरलेसच ठेवायचे असल्यास गेम सुरू करण्यापूर्वी डेस्कटॉपचे रिझोल्यूशन बदलून घ्यावे. अनेक गेममध्ये ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबल्यास फुल स्क्रीन आणि खिडकी यांत अदलाबदल होते.

४. एनव्हिडिया कार्डावर कस्टम रिझोल्यूशन कसे तयार करायचे?

डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडावे आणि डिस्प्ले या विभागातील चेंज रिझोल्यूशन येथे जावे. तेथे कस्टमाइझ बटण दाबून, मॉनिटरने जाहीर न केलेली मापे वापरू देणाऱ्या चौकटीत खूण करावी आणि क्रिएट कस्टम रिझोल्यूशन निवडावे. आडवे व उभे पिक्सेल आणि रिफ्रेश रेट भरून टेस्ट दाबावे. चित्र आले तर जतन करावे. न आल्यास कळफलकाला हात न लावता थांबावे, थोड्या वेळात जुने चित्र आपोआप परत येते. टाइमिंगचा रकाना पहिल्या प्रयत्नात ऑटोमॅटिकच ठेवावा. तो कधी बदलायचा ते प्रश्न १२ मध्ये सांगितले आहे.

काही उच्च रिफ्रेश रेटच्या मॉनिटरांवर कस्टमाइझचे बटण निष्क्रिय असते किंवा हवे ते माप स्वीकारले जात नाही. मॉनिटर डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन, म्हणजे डीएससी, वापरत असेल तर असे होऊ शकते. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डीएससी बंद करण्याची सोय असल्यास ती वापरून पाहावी. मात्र त्यामुळे कमाल रिफ्रेश रेट खाली येऊ शकतो.

५. एएमडी किंवा इंटेल ग्राफिक्स असेल तर? आणि सीआरयूची गरज केव्हा पडते?

एएमडीच्या एड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधील डिस्प्ले टॅबवर कस्टम रिझोल्यूशन्सचा विभाग आहे. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्येही डिस्प्लेखाली अशीच सोय आहे, परंतु ती पुष्कळ वेळा माप नाकारते.

ड्रायव्हरने दाद दिली नाही तर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, म्हणजेच सीआरयू, वापरावी. ही छोटी मोफत प्रणाली मॉनिटरमधील ईडीआयडीला हात लावत नाही. त्याची सुधारित प्रत विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) ठेवते आणि ड्रायव्हर मूळ नोंदीऐवजी ती प्रत वाचतो. डिटेल्ड रिझोल्यूशन्स या यादीत नवे माप जोडून जतन करावे आणि सोबत आलेली रीस्टार्ट-६४ ही फाइल चालवावी, म्हणजे संगणक बंद न करता ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. सीआरयूसोबत रीसेट-ऑल नावाची फाइलही येते. काहीही बदलण्यापूर्वी ती डेस्कटॉपवर, डोळे मिटूनही सापडेल अशा जागी ठेवावी असा आमचा आग्रह आहे.

६. माझ्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्ले हा विभागच नाही. ड्रायव्हर चुकीचा बसला आहे का?

नाही, ड्रायव्हर बरोबर आहे. बहुसंख्य गेमिंग लॅपटॉपांत पडद्याची तार प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाचे कार्ड चित्र काढते आणि ते त्या ग्राफिक्समार्फत पडद्यावर जाते, म्हणून पडद्याची सूत्रे एनव्हिडियाच्या हाती नसतात. अशा लॅपटॉपवर कस्टम रिझोल्यूशन इंटेलच्या किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये, अथवा सीआरयूने तयार करावे लागते. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर बायोसमधून किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पडदा थेट एनव्हिडियाला जोडता येतो, आणि मग तो विभाग दिसू लागतो. बाहेरचा मॉनिटर जोडला असेल तर लॅपटॉपचे कोणते पोर्ट कोणत्या ग्राफिक्सला जोडलेले आहे त्यावर सारे अवलंबून असते.

७. विंडोजमध्ये माप आहे, पण गेममध्ये नाही. फाइल बदलून ते लावता येते का?

बहुतेक गेममध्ये येते, परंतु प्रत्येक गेम इंजिनाची पद्धत वेगळी आहे. फाइल उघडण्यापूर्वी गेम पूर्ण बंद करावा आणि मूळ फाइलीची एक प्रत शेजारी ठेवावी. नोटपॅड पुरेसे आहे.

अनरीअल इंजिनावरील गेमची गेम-यूझर-सेटिंग्ज नावाची आयएनआय फाइल सहसा लोकल ॲप डेटा फोल्डरात, त्या गेमच्या सेव्ह्ड व कॉन्फिग या उपफोल्डरांत असते. तिच्यात रिझोल्यूशन-साइझ-एक्स आणि रिझोल्यूशन-साइझ-वाय या दोन ओळी असतात. त्यांसोबत लास्ट-यूझर-कन्फर्म्ड या शब्दांनी सुरू होणाऱ्या जोडओळीही बदलाव्यात, नाही तर गेम शेवटच्या मान्य मापाकडे परत जाऊ शकतो. तेथेच फुलस्क्रीन-मोडची ओळ असते: ० म्हणजे फुल स्क्रीन, १ म्हणजे बॉर्डरलेस, २ म्हणजे खिडकी.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये स्टीमच्या यूझर-डेटा फोल्डरात, आपल्या खात्याच्या क्रमांकाखाली ७३०, लोकल, सीएफजी अशी वाट काढत गेल्यावर सीएस२-व्हिडिओ ही मजकूर फाइल मिळते. तिच्यातील डिफॉल्ट-रेस ही रुंदी आणि डिफॉल्ट-रेस-हाइट ही उंची.

युनिटीवर बांधलेले गेम हे माप फाइलीत न ठेवता रजिस्ट्रीत ठेवतात. तेथे हात घालण्यापेक्षा स्टीममध्ये गेमच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि लाँच ऑप्शन्सच्या चौकटीत स्क्रीन-विड्थ व स्क्रीन-हाइट हे दोन आदेश, प्रत्येकाच्या आधी एक आडवी रेघ देऊन, त्यांच्यापुढे आकडे लिहून टाकावेत. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर लाँचरमध्येच प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी खिडकीच्या मापाचा रकाना आहे.

जुन्या गेममध्ये ही सोय सर्वांत उघडपणे क्वेक ३ अरिना या १९९९ च्या गेमने दिली, असे आम्हांला वाटते. आर-मोड या चलाची किंमत उणे १ केली की गेम स्वतःची यादी बाजूला ठेवतो आणि आर-कस्टमविड्थ व आर-कस्टमहाइट यांत लिहिलेले आकडे वापरतो. त्यानंतर कन्सोलमध्ये व्हिड-रीस्टार्ट हा आदेश दिला की पुरे. त्या काळी कोणाच्या कल्पनेत नसलेल्या मापांवर तो गेम आजही चालतो, कारण खेळणाऱ्याला आकडा लिहू देण्याचा निर्णय तेव्हाच घेतला गेला होता. आजच्या गेमनाही हे करता येईल, आणि त्यांनी ते करावे.

८. फाइल बदलून जतन केली, पण गेम सुरू केल्यावर जुनेच आकडे परत येतात. असे का?

याची तीन कारणे आढळतात. गेम चालू असताना फाइल बदलली असेल तर बंद होताना गेम तिच्यावर आपले आकडे पुन्हा लिहितो. स्टीम क्लाउड चालू असेल तर ढगातील जुनी प्रत संगणकावर उतरते. आणि ड्रायव्हरने ते माप मान्यच केले नसेल तर गेम ते तपासून बदलतो. तेव्हा प्रश्न २ कडे परत जावे. पहिल्या दोन कारणांवर उपाय म्हणून फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण करता येते. मात्र त्यानंतर त्या फाइलीत राहणारी इतर सेटिंग्जही जतन होणार नाहीत हे लक्षात ठेवावे, आणि गेमचे मोठे अपडेट येण्यापूर्वी ती खूण काढावी.

९. १२८०×९६० लावले तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मला चित्र पडदाभर ताणलेले हवे आहे.

१२८०×९६० चे गुणोत्तर ४:३ आहे आणि आपला पडदा १६:९ चा आहे. उरलेल्या जागेचे काय करायचे ते स्केलिंगचे सेटिंग ठरवते. एनव्हिडियामध्ये ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन येथे जाऊन फुल स्क्रीन निवडल्यास चित्र ताणले जाते, ॲस्पेक्ट रेशो निवडल्यास पट्ट्या येतात, आणि नो स्केलिंग निवडल्यास छोटे चित्र पडद्याच्या मधोमध राहते. तेथेच स्केलिंग जीपीयूने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाने, करावे असे सांगावे आणि गेमने लावलेले स्केलिंग ओलांडण्याच्या चौकटीत खूण करावी. एएमडीमध्ये जीपीयू स्केलिंग चालू करून फुल पॅनेल निवडावे. स्केलिंग मॉनिटरवर सोपवले असेल तर मॉनिटरच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूतले सेटिंग चालते आणि ड्रायव्हरमधले निरर्थक ठरते.

१०. ताणलेल्या चित्राने नेमबाजीत खरोखर फायदा होतो का?

शत्रू पडद्यावर अधिक रुंद दिसतो, एवढे खरे आहे. १६:९ च्या पडद्यावर ४:३ चे चित्र ताणले की प्रत्येक वस्तू सुमारे १.३३ पट रुंद होते. पण त्याची किंमत मोजावी लागते. काउंटर-स्ट्राइकमध्ये उभा दृष्टिकोन (म्हणजे एका वेळी किती अंशांचे दृश्य दिसते तो कोन) कायम राहतो आणि आडवा दृष्टिकोन पडद्याच्या गुणोत्तराप्रमाणे बदलतो: ४:३ वर तो ९० अंश असतो, १६:९ वर सुमारे १०६ अंश. म्हणजे ४:३ निवडणारा खेळाडू दोन्ही कडांना मिळून १६ अंशांचे दृश्य सोडून देतो, आणि तेवढ्या जागेत उभा असलेला शत्रू त्याला दिसतच नाही. शिवाय शत्रू जितका रुंद दिसतो तितकाच तो पडद्यावर आडवा वेगानेही सरकतो.

व्हॅलरंटमध्ये आडवा दृष्टिकोन १०३ अंशांवर बांधलेला आहे, त्यामुळे काउंटर-स्ट्राइकचा हिशेब तेथे लागू होत नाही. तेथे ४:३ निवडण्याचे कारण फार तर फ्रेम रेट किंवा सवय हे असू शकते. आमचे मत विचाराल तर नव्या खेळाडूने मूळ रिझोल्यूशनवरच हात बसवावा. सीआरटीच्या दिवसांपासून ४:३ वर खेळत आलेल्यांची नजर त्या मापाला बसली आहे. त्यांनी ते सोडण्याचेही काही कारण नाही.

११. रिझोल्यूशन कमी केले तर एफपीएस किती वाढेल?

एफपीएस म्हणजे गेम दर सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, काढतो ती संख्या. पिक्सेलांचा हिशेब करून तिचा अंदाज घेता येतो. १६००×९०० मध्ये १९२०×१०८० च्या सुमारे ६९ टक्के पिक्सेल असतात, १२८०×९६० मध्ये सुमारे ५९ टक्के, तर ३८४०×२१६० मध्ये नेमके चौपट. ग्राफिक्स कार्ड थकत असेल तर पिक्सेल कमी होताच एफपीएस वाढतो, परंतु अगदी त्याच प्रमाणात नव्हे. प्रोसेसर थकत असेल तर रिझोल्यूशन कितीही घटवले तरी फरक पडत नाही. तपासणी सोपी आहे: रिझोल्यूशन एक पायरी खाली आणावे, एफपीएस तेवढाच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा आहे, आणि मग मूळ रिझोल्यूशनवर परत जाऊन स्पष्ट चित्र पाहावे.

मेनूत रेंडर स्केल, डीएलएसएस किंवा एफएसआर असेल तर रिझोल्यूशन खाली आणण्याआधी त्यांचा वापर करावा. यांत पडद्याला जाणारे माप मूळच राहते. फक्त त्रिमितीय दृश्य कमी पिक्सेलांत काढून मोठे केले जाते, त्यामुळे अक्षरे, नकाशा आणि मेनू रेखीव राहतात. १९२०×१०८० वर एफएसआरचा क्वालिटी प्रकार दृश्य १२८०×७२० मध्ये काढतो.

१२. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, पण कस्टम रिझोल्यूशनवर गेम ६० हर्ट्झलाच चालतो.

कस्टम रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट ही एकच नोंद असते. आपण १२८०×९६० ही नोंद ६० हर्ट्झने केली असेल तर त्या मापासाठी १४४ अस्तित्वातच नाही. तेच माप १४४ हर्ट्झने पुन्हा तयार करावे, विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ते लागले का ते पाहावे, आणि गेममध्ये रिफ्रेश रेटचा वेगळा पर्याय असेल तर तोही तपासावा.

नोंद करताना ती नाकारली गेली तर टाइमिंगकडे वळावे. मॉनिटरला दिसणाऱ्या पिक्सेलांखेरीज प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी काही न दिसणारे पिक्सेलही पाठवले जातात. १९२०×१०८० च्या नेहमीच्या टाइमिंगमध्ये एकूण माप २२००×११२५ असते. त्याला ६० ने गुणले की १४८.५ मेगाहर्ट्झ हा पिक्सेल क्लॉक मिळतो. हा आकडा तारेच्या मर्यादेत बसला पाहिजे. सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे, एचडीएमआय १.४ ची ३४०, एचडीएमआय २.० ची ६००. आता १९२०×१०८० ला ७५ हर्ट्झ मागितले तर त्याच टाइमिंगने पिक्सेल क्लॉक सुमारे १८५.६ होतो आणि सिंगल-लिंक डीव्हीआयवर तो नाकारला जातो. सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक हे टाइमिंग निवडल्यास न दिसणारे पिक्सेल कमी होतात आणि आकडा सुमारे १७४.५ वर येतो, तरीही तो १६५ च्या वरच राहतो. अशा वेळी मॉनिटरला दोष न देता तार आणि पोर्ट बदलावे. आकडा मर्यादेच्या थोडाच वर असेल, तेव्हा मात्र रिड्यूस्ड ब्लँकने काम होते.

१३. पडदा काळा झाला आहे किंवा आउट ऑफ रेंज असे लिहून आले आहे. आता काय करू?

प्रथम १५ सेकंद थांबावे. विंडोजमधून माप बदलले असेल तर होकार न मिळाल्यास विंडोज स्वतःच मागे फिरते. गेममुळे झाले असेल तर ऑल्ट आणि एफ४ दाबून गेम बंद करावा, आणि नंतर फाइलीतील आकडे प्रश्न ७ प्रमाणे दुरुस्त करावेत. चित्र तरीही आले नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

शेवटचा मार्ग म्हणजे दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडणे, अथवा विंडोजच्या स्टार्टअप सेटिंग्जमधून कमी रिझोल्यूशनचा किंवा सेफ मोडचा पर्याय निवडणे. तेथे पोहोचल्यावर सीआरयूची रीसेट-ऑल फाइल चालवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

१४. यामुळे मॉनिटर खराब होईल का?

कमी रिझोल्यूशनने नाही. मर्यादेबाहेरचा संकेत आला तर आजचे मॉनिटर तो नाकारून सूचना दाखवतात. मूळ क्षमतेपेक्षा अधिक रिफ्रेश रेट मागणे, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, ही मात्र वेगळी गोष्ट आहे; ते थोड्या थोड्या पायऱ्यांनी करावे, आणि चित्रात ठिपके, थरथर किंवा गळालेल्या फ्रेम दिसताच मागे यावे.

१५. मॉनिटर १९२०×१०८० चा आहे, पण गेम मला १५३६×८६४ पेक्षा मोठे माप दाखवत नाही.

हा विंडोजच्या स्केलिंगचा परिणाम आहे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १२५ टक्के ठेवलेले असते, आणि ज्या जुन्या गेमला हे स्केलिंग कळत नाही त्याला विंडोज १९२० भागिले १.२५, म्हणजे १५३६ एवढीच रुंदी सांगते. १५० टक्के असेल तर १२८०×७२० दिसते. गेमच्या मुख्य फाइलीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी आणि चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज या वाटेने जावे, हाय डीपीआय स्केलिंग ओलांडण्याची खूण करून ॲप्लिकेशन निवडावे. चित्राचा फक्त डावा वरचा भाग दिसणे हीदेखील याच कारणाची खूण आहे.

१६. माझा लॅपटॉप १३६६×७६८ चा आहे, पण यादीत १३६०×७६८ दिसते. सहा पिक्सेल कुठे गेले?

ईडीआयडीच्या प्रमाणित नोंदीत रुंदी ८ ने भागून साठवली जाते, आणि १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे हे माप तेथे लिहिताच येत नाही. त्यासाठी सविस्तर नोंद लागते. ज्या ड्रायव्हरला किंवा गेमला ८ च्या पटीतलीच रुंदी चालते, ते १३६० किंवा १३६८ दाखवतात. १३६० वर खेळल्यास चित्र किंचित धुरकट होते. प्रश्न ९ मधील नो स्केलिंग निवडल्यास दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेल काळे राहतात आणि चित्र रेखीव येते.

१७. एज ऑफ एम्पायर्स २, डायब्लो २, व्हाइस सिटी हे जुने गेम आजच्या पडद्यावर नीट कसे चालवायचे?

प्रत्येकाची अडचण निराळी आहे. १९९९ चा मूळ एज ऑफ एम्पायर्स २ हा १२८०×१०२४ च्या पुढे जात नाही. तो द्विमितीय असल्याने माप वाढवले की चित्र मोठे होत नाही, उलट नकाशाचा अधिक भाग एकाच वेळी दिसतो आणि सैनिक मुंग्यांएवढे होतात. म्हणून ४के (३८४०×२१६०) पडद्यावर मॉनिटरचे मूळ माप लावणे शहाणपणाचे नाही. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन झूम करू देते, तीच घ्यावी. डायब्लो २ मुळात ६४०×४८० चा होता आणि २००१ च्या विस्तारात ८००×६०० आले. तेथे माप न बदलता ते नीट मोठे करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि त्यासाठी डीजीव्हूडू २ सारखी प्रणाली उपयोगी पडते. ती जुन्या डायरेक्टएक्सचे आदेश नव्या डायरेक्टएक्समध्ये बदलून देते. व्हाइस सिटी १९२०×१०८० स्वीकारतो, पण पडद्यावरील रडार आणि आकडे ४:३ च्याच हिशेबाने मांडतो, म्हणून गोल रडार अंडाकृती दिसते. त्यासाठी खेळाडूंनी तयार केलेला वाइडस्क्रीन फिक्स घालावा लागतो.

डॉसच्या काळातील ३२०×२०० मापाचे गेम हा आणखी वेगळा विषय आहे. ते चित्र ६४,००० पिक्सेलांचे, म्हणजे ६४ केबीच्या एका स्मृतिखंडात मावणारे होते; पण सीआरटीवर ते ४:३ मध्ये पसरत असे, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच दिसे. चित्रकारांनी चित्रे त्या उंच पिक्सेलांसाठीच काढली होती. आज ती चौरस पिक्सेलांत दाखवली की माणसे बुटकी होतात. १६००×१२०० या मापात प्रत्येक मूळ पिक्सेल आडवा ५ पट आणि उभा ६ पट होतो आणि मूळचे प्रमाण तंतोतंत परत येते. १४४० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर हे सहज बसते. १०८० उंचीच्या पडद्यावर डॉसबॉक्समधील ॲस्पेक्टचे सेटिंग चालू करून समाधान मानावे लागते.

१८. अल्ट्रावाइड मॉनिटरवर काही गेममध्ये काळ्या पट्ट्या का येतात, आणि त्या काढल्यास खात्यावर बंदी येईल का?

कारण गेमनेच १६:९ पलीकडचे दृश्य नाकारलेले असते. व्हॅलरंट स्पर्धा समान राहावी म्हणून असे करतो. एल्डन रिंगमध्ये एकट्याने खेळतानाही पट्ट्या राहतात, आणि तेथे याचे समर्थन करणे आम्हांला कठीण वाटते. ज्यांना २१:९ म्हणतात ते पडदे प्रत्यक्षात नेमके २१:९ नसतात: ३४४०×१४४० चे गुणोत्तर २.३८९ आहे आणि २५६०×१०८० चे २.३७०. म्हणून एका मापासाठी केलेला फिक्स दुसऱ्यावर अनेकदा चुकतो.

बंदीविषयी भेद स्पष्ट ठेवावा. ड्रायव्हरमध्ये किंवा सीआरयूने माप तयार करणे आणि गेमचीच सेटिंग्जची फाइल बदलणे यांत गेमच्या प्रणालीला धक्का लागत नाही. गेमच्या मुख्य फाइलीतील १.७७७८ हे गुणोत्तर शोधून बदलणे, किंवा गेम चालू असताना त्याच्या स्मृतीत बदल करणे, हे फसवणूकविरोधी यंत्रणेच्या दृष्टीने फसवणुकीसारखेच दिसते. एल्डन रिंगचे असे फिक्स म्हणूनच ती यंत्रणा बंद करून, ऑफलाइन वापरले जातात. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये हे कधीही करू नये.

१९. लिनक्स किंवा स्टीम डेकवर काय करावे?

एक्स११ या लिनक्सच्या जुन्या चित्रप्रणालीवर सीव्हीटी हा आदेश मापाचे टाइमिंग मोजून देतो, आणि ती ओळ एक्सरँडरच्या न्यूमोड व ॲडमोड या पर्यायांनी जोडता येते. वेलँड या नव्या चित्रप्रणालीवर ही युक्ती चालत नाही. तेथे स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेमस्कोप वापरावे. त्यात लहान डब्ल्यू आणि एच ही गेमची मापे असतात, मोठी डब्ल्यू आणि एच पडद्याची. स्टीम डेकचा पडदा १२८०×८०० चा आहे. डेक टीव्हीला जोडूनही चित्र धुरकट राहिले तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमधील गेम रिझोल्यूशन बदलावे, कारण ते न बदलल्यास अनेक गेमना डेकचेच माप मिळत राहते.

२०. मॉनिटरपेक्षा मोठे रिझोल्यूशन लावता येते का?

येते. एनव्हिडियाचे डीएसआर आणि एएमडीचे व्हीएसआर गेमला मोठ्या मापात चित्र काढायला लावतात आणि ते लहान करून पडद्यावर देतात, त्यामुळे वस्तूंच्या दातेरी कडा मऊ होतात. डीएसआरचे गुणक क्षेत्रफळाचे असतात: १९२०×१०८० वर १.७८ निवडल्यास २५६०×१४४०, आणि ४ निवडल्यास ३८४०×२१६० मिळते. ४ हा गुणक सर्वांत स्वच्छ दिसतो, कारण चार पिक्सेलांचा नेमका एक पिक्सेल होतो. हा पर्याय यादीत दिसत नसेल, तर प्रश्न ६ मधील लॅपटॉपची जोडणी आणि प्रश्न ४ मधील डीएससी ही दोन कारणे प्रथम तपासावीत. डेस्कटॉपवर सीआरयूने कस्टम माप आधीच लावलेले असेल, तर आणखी एक कारण संभवते: गुणक मूळ मापाऐवजी त्या नव्या मापावर मोजले जातात आणि यादीत अनोळखी आकडे येतात. अशा वेळी सीआरयूमध्ये मॉनिटरचे खरे मूळ माप यादीत सर्वांत वर ठेवावे आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करावा.